धूर गेला कुठे?



मागच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या आणि उठता उठता गटातल्या एका ताईंनी विषय काढला. त्यांच्या लेकाला विजेवर चालणारी मोटार घ्यायची आहे. तालुक्याला भाड्यानं चालवायची, म्हणून गटातून थोडं कर्ज हवं होतं. पैशांची चर्चा झाली ती झालीच. पण कोपऱ्यात बसलेल्या आजींनी मध्येच विचारलं, "गाडी धूर सोडत नाही म्हणता. मग काहीच न जाळता चालते व्हय? धूर जातो कुठं?"

आम्ही सगळ्या गप्प बसलो. खरं तर धुराबद्दल आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. फुंकणीनं चूल फुंकताना डोळ्यांतून पाणी काढत आमच्या आया म्हाताऱ्या झाल्या. चूल घरातून पडवीत नेली की घर सुटतं, पडवी सुटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी मोटारीच्या धुराची गोष्ट मात्र आम्ही कधी नीट ऐकलेली नव्हती. महिनाभर विचारत, वाचत, एकमेकींना सांगत ती गोळा केली. तीच आज सांगतोय.

पहिली नवलाची गोष्ट अशी की विजेची मोटार नवी नाहीच. सव्वाशे वर्षांपूर्वी ती पेट्रोलच्या मोटारीपेक्षा पुढे होती. १८९९ साली पॅरिसजवळ बेल्जियमच्या कामील जेनात्झी नावाच्या माणसानं ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला, तो विजेच्या गाडीत बसून. तोवर कुठलीच मोटार इतकी जोरात पळाली नव्हती. १९०० साली अमेरिकेत सुमारे ४,२०० मोटारी तयार झाल्या. त्यांत वाफेच्या सर्वांत जास्त, त्यांच्या खालोखाल विजेच्या, दीड हजारांहून अधिक. पेट्रोलच्या हजारही नव्हत्या.

पेट्रोलची गाडी तेव्हा मोठी कटकटीची होती. पुढं लोखंडी हँडल घालून ते जोर लावून फिरवायचं. जुनं डिझेल इंजिन विहिरीवर सुरू करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. शिवाय आवाज, वास, तेलाचे डाग. विजेची गाडी खटका दाबला की चालायची. मग कंपन्यांनी ठरवून टाकलं की ही बायकांची गाडी. जाहिरातींत टोप्या घातलेल्या बाया, आत मऊ गाद्या, काही गाड्यांत फुलं ठेवायला काचेची फुलदाणीसुद्धा. हेन्री फोर्ड म्हणजे ज्यानं पेट्रोलची मोटार घरोघरी नेली तो माणूस. त्याची बायको क्लारा स्वतः कुठली गाडी चालवायची माहीत आहे? डेट्रॉइट इलेक्ट्रिक. १९१४ सालची तिची गाडी आजही त्यांच्या संग्रहालयात उभी आहे. लोकांना पेट्रोल विकणाऱ्याच्या घरात बाई विजेवर फिरत होती, यावर आम्ही बैठकीत बराच वेळ हसलो.

पण विजेची गाडी हरली. बॅटरी जड, एकदा भरली की फार लांब जायची नाही. अमेरिकेतल्या खेड्यांत तेव्हा वीजच नव्हती. १९३० च्या सुमारासही तिथल्या दहा शेतकऱ्यांत जेमतेम एकाच्या घरी वीज होती. पेट्रोल मात्र डब्यात भरून कुठंही नेता यायचं. १९०१ मध्ये टेक्सासात मोठी तेलविहीर लागली आणि तेल स्वस्त झालं. १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त मोटार आली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत बटणावर सुरू होणारं इंजिन बसलं, म्हणजे मनगट मोडणारं हँडल गेलं. ते बटण चालत होतं बॅटरीवरच! विजेनं पेट्रोलची अडचण दूर केली आणि स्वतःच बाजूला पडली.

या सगळ्यात धुराचा विचार कुणी केला नाही. उलट तेव्हाच्या शहरांत घोडागाड्यांमुळे रस्तोरस्ती लीद पडायची, तिच्यावर माश्या, पावसात चिखल. त्या मानानं मोटार स्वच्छ वाटायची. लीद डोळ्यांना दिसत होती, मोटारीतून निघणारं बरंचसं दिसत नव्हतं.

ते काय असतं ते थोडक्यात सांगतो. चुलीत लाकूड ओलं असलं, हवा कमी मिळाली की धूर जास्त होतो, कारण ते अर्धवट जळतं. इंजिनातही तसंच. पेट्रोल पूर्ण जळत नाही तेव्हा कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. न जळलेलं थोडं इंधनही तसंच बाहेर पडतं. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेनं हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजनचे ऑक्साइड होतात. आणि डिझेलमधून काजळी निघते, इतकी बारीक की नाकातल्या केसांत न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ साली स्पष्टच सांगितलं.

आता शिशाची गोष्ट, कारण तिच्यात एक बाई आहे. इंजिन ठोके मारू नये म्हणून १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या इंजिनिअरनं पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालायची युक्ती काढली. शिसं विषारी असतं, हे रोमन काळापासून लोकांना माहीत होतं. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे कामगार वेडेपिसे होऊन मेले. १९२५ मध्ये सरकारनं बैठक बोलावली. तिथं डॉ. ॲलिस हॅमिल्टन उभ्या राहिल्या. हार्वर्ड विद्यापीठात शिकवायला नेमलेली ती पहिली स्त्री. कारखान्यांतून फिरून कामगारांचे आजार तपासण्यात तिचं आयुष्य गेलेलं. हे शिसं गाडीगाडीतून रस्त्यावर सांडणार आणि ते थोपवता येणार नाही, म्हणून ते वापरूच नका, असं तिचं म्हणणं होतं. कंपन्यांनी ऐकलं नाही, सरकारनंही परवानगी दिली. त्यानंतर कित्येक दशकं जगभरच्या मोटारींनी शिसं ओकलं. ते लहान मुलांच्या रक्तात उतरतं आणि मेंदूची वाढ खुंटवतं. आपल्या देशात शिसं असलेलं पेट्रोल पूर्ण बंद झालं फेब्रुवारी २००० मध्ये. आमच्यापैकी बऱ्याच जणींची शाळा तोवर संपत आली होती. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथं ते २०२१ साली थांबलं. बाईनं १९२५ मध्ये सांगितलेलं जगाला पटायला किती वर्षं लागली, हिशेब तुम्हीच करा.

धुराचा खरा शोध लागला तो लॉस एंजेलिस शहरात. जुलै १९४३ मध्ये एका दिवशी शहरावर असं धुकट पसरलं की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले, समोरचं दिसेना. महायुद्धाचे दिवस होते. काहींना वाटलं जपानानं विषारी वायू सोडला. मग एका रबराच्या कारखान्यावर संशय गेला. तो बंद केला तरी धुकं हटेना. पुढं काही वर्षांनी तिथल्या विद्यापीठातले हागेन-स्मित नावाचे रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. मूळचे हॉलंडचे, आणि अननसाला वास कशानं येतो याचा अभ्यास करत होते. त्यांनी १९५२ च्या सुमारास दाखवून दिलं की मोटारीचा धूर आणि कडक ऊन एकत्र आलं की त्यातून ओझोन नावाचा जाळणारा वायू तयार होतो. आभाळात उंचावरचा ओझोन आपल्याला उन्हापासून वाचवतो, पण नाकाजवळचा फुप्फुसं पोळतो. हवेत ओझोन किती आहे हे मोजायला ते रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या वापरत. ओझोन जितका जास्त तितक्या त्या लवकर तडकायच्या. पिकांची पानंही तिकडं अशीच करपत होती, शेतकऱ्यांनी ते आधीच ओळखलं होतं.

मोटार कंपन्यांना हे मान्य नव्हतं. शास्त्रज्ञानं सांगितलं म्हणून कायदा होत नसतो. १९५८ मध्ये तिथल्या बायकांनी गट केला, नाव ठेवलं 'स्टॅम्प आउट स्मॉग', म्हणजे हे विषारी धुकं तुडवून काढा. या घर सांभाळणाऱ्या, मुलांच्या आया. सुनावणीला जायच्या, अधिकाऱ्यांना पत्रं पाठवायच्या, इतर महिला मंडळांना जोडून घ्यायच्या. मैत्रिणींनो, ही कामाची पद्धत ओळखीची वाटते ना? आपल्या दारूबंदीच्या अर्जांच्या वेळी आपण हेच केलं होतं.

पुढं १९६६ मध्ये कॅलिफोर्नियानं देशात प्रथमच धुराच्या नळीतून किती वायू निघावा याची मर्यादा घातली. १९७० मध्ये अमेरिकेचा हवेचा कायदा आला. पाच-सहा वर्षांत धूर ९० टक्के कमी करा असं त्यात लिहिलं. कंपन्या म्हणाल्या, अशक्य. थोडी मुदत वाढलीही. पण १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांत कॅटलिटिक कन्व्हर्टर आला. धुराच्या नळीत बसवलेला डबा, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, जाळीवर प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूंचा पातळ थर. विषारी वायू त्यावरून जाताना बदलून बरेच निरुपद्रवी होतात. त्या डब्याला शिसं चालत नाही, लगेच निकामी होतो. म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आणणं भाग पडलं. म्हणजे ॲलिस हॅमिल्टनचं म्हणणं शेवटी मुलांच्या मेंदूसाठी कमी आणि डब्यासाठी जास्त ऐकलं गेलं. हे आम्हाला फार लागलं.

आपल्याकडची गोष्ट दिल्लीची. १९८५ साली वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या हवेसाठी याचिका केली. वर्षांमागून वर्षं गेली. १९९६ मध्ये अनिल अगरवाल यांच्या संस्थेनं वाहनांच्या धुरावर पुस्तक काढलं, त्याचं नावच 'स्लो मर्डर', हळूहळू होणारा खून. सुनीता नारायण त्याच संस्थेच्या. १९९८ मध्ये न्यायालयानं हुकूम दिला की दिल्लीच्या सगळ्या बसगाड्या सीएनजीवर आणा. मुदत होती मार्च २००१ ची. ती टळली, रडारड झाली, गॅसच्या पंपांवर रिक्षांच्या रात्ररात्र रांगा लागल्या. २००२ मध्ये तर न्यायालयानं डिझेलच्या बसला दिवसाला ५०० रुपये दंड लावला. त्याच वर्षाअखेर बस बदलल्या. मुंबईतही धुरानं त्रासलेल्या रहिवाशांनी १९९९ मध्ये उच्च न्यायालय गाठलं आणि जुन्या टॅक्सी गॅसवर गेल्या.

मग देशभर टप्प्याटप्प्यानं 'भारत स्टेज' नियम आले. एप्रिल २०२० पासून देशात विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार बीएस-सहा. पेट्रोल-डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० भाग चालायचं, ते १० वर आलं. आज शोरूममधून निघालेल्या पेट्रोल गाडीचा धूर आणि वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा धूर यांत फार फरक आहे, हे मान्य करायला हवं. सगळ्या पेट्रोलगाड्या सारख्याच, असं म्हणणं खोटं ठरेल.

पण नियम आला की पळवाटही येते. २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीची चोरी पकडली गेली. त्यांच्या डिझेल गाडीतला संगणक तपासणी चालू आहे हे ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचा. रस्त्यावर आली की नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीसपटींपर्यंत. जगभरात अशा एक कोटीहून जास्त गाड्या होत्या. साहेब येणार म्हटल्यावर घाईघाईनं रजिस्टर भरावं, तसा प्रकार. आमच्याकडे तर इतका संगणकही लागत नाही. एका ठिकाणी आमच्यातल्या एकीच्या स्कूटीच्या नळीत यंत्राची दांडी न घालताच पीयूसीचा कागद हातात आला. तिनं विचारलं, तर उत्तर मिळालं, "ताई, गाडी चांगली दिसतेय."

आता पुन्हा विजेकडे. १९९० मध्ये कॅलिफोर्नियानंच कंपन्यांना सांगितलं की काही गाड्या अशा विका की ज्यांना धुराची नळीच नसेल. जनरल मोटर्सनं १९९६ मध्ये ईव्ही-वन ही गाडी काढली. लोकांना आवडली. पण ती विकली नव्हती, फक्त भाड्यानं दिली होती. नियम सैल झाले तशा कंपनीनं गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. घेऊ इच्छिणाऱ्यांनी निदर्शनं केली तरीही. त्याच सुमारास, २००१ मध्ये, आपल्या बेंगळुरूत चेतन मैनी यांची 'रेवा' रस्त्यावर आली. छोटीशी, डब्यासारखी. ती लंडनलाही गेली. जड शिशाच्या बॅटरीऐवजी हलकी लिथियमची आली आणि मग चित्र पालटलं. आपल्या एसटीचं पाहा. १ जून १९४८ ला पहिली गाडी नगर-पुणे रस्त्यावर धावली. १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर विजेची शिवाई धावली.

मग आजींचा प्रश्न. शिवाईचा धूर कुठं गेला?

काही भाग खरंच नाहीसा झाला. पेट्रोलमधल्या शक्तीचा चौथा हिस्सादेखील मुश्किलीनं चाकापर्यंत पोचतो, बाकीची बॉनेटच्या उष्णतेत आणि धुरात जाते. विजेच्या मोटारीत बॅटरीतली पाऊणहून जास्त शक्ती चाकाला लागते. पण आपल्या देशातली निम्म्याहून बरीच जास्त वीज अजून कोळशाची. म्हणून हिशेब करून पाहिला. लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार १०० किलोमीटरला पावणेसात लिटर पेट्रोल खाते. एक लिटर जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. (एक लिटर पेट्रोल किलोभरही नसतं, मग सव्वादोन किलो कसं? हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन चिकटतो म्हणून.) झाले साडेपंधरा किलो. विजेच्या मोटारीला तेवढ्याच अंतराला, गळती धरून, पंधरा ते अठरा युनिट. देशाच्या सरासरीनं युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम. म्हणजे साडेदहा ते साडेबारा किलो. कमी आहे, पण शून्य नाही. बॅटरी बनवताना होणारा धूर यात धरलेला नाही, तसाच पेट्रोल शुद्ध करतानाचाही नाही. टायर झिजून उडणारी धूळ तर दोन्ही गाड्यांची उडतेच.

आणि उरलेला धूर जागा बदलतो. पुण्याच्या चौकात लेकरांच्या नाकाशी होता, तो चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळच्या उंच धुराड्यांतून निघतो. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. आपल्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख असते. अशा केंद्रांनी गंधकाचा धूर आवरणारी यंत्रं बसवावीत, असा नियम २०१५ मध्ये केंद्र सरकारनं केला. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. मोटारीच्या नळीवर इतकी कडक नजर आणि धुराड्याला सूट. ही वाटणी आम्हाला पटत नाही, आणि हे आम्ही विजेच्या गाडीच्या विरोधात म्हणत नाही. गाड्या आज लाखो नळ्यांतून धूर सोडतात, प्रत्येक नळी कोण तपासणार? धुराडी मोजकी आहेत. त्यांना आवरणं सोपं, आणि उद्या सौर वीज वाढली की तीच गाडी काही न बदलता आणखी स्वच्छ होते. पेट्रोलच्या गाडीचं तसं होत नाही. ती जुनी होत जाते तसा धूर वाढतोच.

बॅटरीतल्या कोबाल्टचं एक सांगायचं राहिलं. तो बराचसा आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो. तिथं हातानं खणल्या जाणाऱ्या खाणींवर बायका पाण्यात उभ्या राहून दगड धुतात, मुलंही काम करतात. अलीकडे कोबाल्ट न लागणाऱ्या बॅटऱ्याही मोठ्या प्रमाणात निघतात, आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत त्याच असतात. गाडी घेताना बॅटरी कुठली आहे हे विचारता येतं. आम्ही त्या ताईंच्या लेकाला दुकानात विचारायला लावलं.

कर्ज मंजूर झालं. सात जणी हो म्हणाल्या, दोघी नाही म्हणाल्या, त्यांची कारणं पैशांची होती आणि ती वहीत लिहिली आहेत. सूर्याची वीज दिवसा तयार होते म्हणून गाडी जमेल तेवढी दुपारी भरायची, असं पोरानं कबूल केलंय. बघू.

आमच्यातल्या एकीची नणंद चंद्रपूरकडे दिली आहे. तिला फोन करून आम्ही हा सगळा हिशेब ऐकवला. ती म्हणाली, तुमची गाडी चालू द्या, पण आमच्याकडे पापड अजून फडकं टाकूनच वाळवावे लागतात, आणि संध्याकाळी ते फडकं झटकलं की राखाडी भुकटी पडते. पुढच्या महिन्यात तिच्या गटातल्या बायकांना फोनवर घेऊन त्यांचंच बोलणं याच वेळेला तुम्हाला ऐकवणार आहोत.